तांबूस डोळा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझं सगळं आयुष्य कृत्रिम डोळे बनवणाऱ्या कार्यशाळेत गेलं. एक डोळा गमावलेली माणसं तिथे यायची. मी त्यांच्या चांगल्या डोळ्याचा फोटो काढायचो. मागच्या खोलीत रंगारीकाका तो फोटो बघून तसाच दुसरा डोळा रंगवायचे. माणूस त्यांना दिसायचाच नाही, दिसायचा तो मी दाखवीन तेवढाच.

कुठलाही कॅमेरा सगळे रंग सारखे बघत नाही. म्हणून मी आलो तेव्हा मोजमाप करणाऱ्या ताईंनी मला अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि जांभळ्यापासून लालपर्यंत एकेका रंगाचा प्रकाश दाखवला. प्रत्येक वेळी दिव्याचा जोर मोजला आणि मला तो किती दिसला तेही टिपलं. एकतीस नोंदी झाल्या, दोन दिवस गेले. त्या मापावरून संगणक माझे रंग सुधारायचा. याची नजर पक्की, असं सगळे म्हणायचे. मीही फुशारलो.

मग एकदा मी कार्यशाळेच्या मालकांच्याच हातून पडलो. माझ्या आत प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरची, रंग गाळणारी काच फुटली. दुरुस्तीवाल्याने बसवलेली नवी काच लाल प्रकाश जास्त आत सोडत होती. पुन्हा मोजायला हवं, असं ताईंनी दोनदा सांगितलं.

"काच ती काचच," मालक म्हणाले. "जुनंच माप लावा."

त्याच आठवड्यात एक शिक्षिका आल्या. डोळा बसल्यावरच वर्गात पाऊल टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. काकांनी आठ दिवस खपून डोळा रंगवला, अगदी फोटोबरहुकूम. बाईंनी तो बसवून आरसा घेतला. त्यांचा स्वतःचा डोळा काळपट तपकिरी होता आणि नवा तांबूस. 

"लांबून कळत नाही हो," मालक म्हणाले.

"माझी मुलं लांब नसतात," बाई म्हणाल्या. "नाक पुसायलासुद्धा माझ्याकडेच येतात."

मालकांनी खापर काकांवर फोडलं. म्हणे वय झालं, रंग कळेनासे झाले. बत्तीस वर्षं डोळे रंगवलेला माणूस ब्रश पुसून घरी गेला. तेव्हा ताईंनी कुणाला न विचारता मला मोजलं. आलेखात लाल रंगाची रेघ कुठच्या कुठे वर गेली होती. त्यांनी कागद मालकांपुढे ठेवला. मालकांनी तो उलटा करून त्यावर चहाचा कप टेकवला. पुढे बाईंनी शाळेला राजीनामा दिल्याचं ताईंच्या बोलण्यातून कळलं.

मित्रांनो, यंत्र दुरुस्त झालं की ते पुन्हा मोजा. आम्ही खोटं दाखवतो तेव्हा आमचं आम्हाला कळत नाही. मालकांना कळलं होतं.