पुढचा पाय

नोएलीनने फळी आडवी करून मधोमध एका बोटावर तोलली. दोन्ही टोकं जराशी वरखाली झाली आणि स्थिरावली. ती तिने भिंतीला टेकवून ठेवली आणि दुसरी उचलली. ही मागच्या टोकाकडे कलली, तशी तिने ती लगेच बाजूला सारली.

"अर्धा तास झाला," टेबलामागून डग म्हणाला. "स्नोबोर्ड घेते आहेस की मासे?"

"मासा खराब असला तर वासावरून तरी कळतं. तुझ्या मालाचं तसं नाही."

डग पॅस्को आणि नोएलीन शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक कोण आणि दुकानदार कोण हे त्यांच्यात कधी ठरलंच नाही. डोंगरावर जाणारा रस्ता त्याच्या दुकानावरूनच जातो. गावातल्या निम्म्या लोकांच्या पायांची मापं डगला तोंडपाठ आहेत.

नोएलीनची लेक किर्स्टी दाराशी उभी होती. अंगातला कोट तिने काढला नव्हता आणि गाडीची किल्ली हातातच होती. तिच्या मागे, दारावर, शनिवारच्या कामांची यादी लावलेली होती. डोंगरावरच्या आमच्या क्लबात पगारी माणूस एकही नाही. उन्हाळ्यात खांब रंगवायचे, हिवाळ्यात माणसांना डोंगरावर ओढून नेणारा दोर चालवायचा, भांडी घासायची, सगळं सभासदांनीच. हंगामाच्या पहिल्या दिवशी कोणी काय करायचं ते किर्स्टी पेन्सिलने लिहिते, कारण ती चिटणीस. यंदा तिने लिहिलं होतं, 'सूप – नोएलीन'.

सूप म्हणजे दिवसभर खाली चुलीपाशी सगळ्यांसाठी सूप रांधत बसायचं, आणि त्याचा अर्थ डोंगरावर सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा सूपवर गेलेलं माणूस परत दोरावर आलेलं कोणी पाहिलेलं नाही.

"कशासाठी हवीय फळी?" डगने विचारलं.

"सगळ्यासाठी. सकाळी बर्फ काचेसारखा असतो तेव्हा कड धरायला हवी. दुपारी भुसभुशीत झाला की त्यात रुतायला नको. आणि खालच्या उंचवट्यावरून मिलीबरोबर एखादी उडी."

"उडी," किर्स्टी म्हणाली. मिली तिची मुलगी, नऊ वर्षांची.

"लहानशी."

"आई, तुझ्या गुडघ्यात लोखंड आहे."

"टायटॅनियम आहे. लोखंड गंजतं."

डग उठून बाहेर आला. त्याने एक मऊ, लांब नाकाची फळी काढून तिच्यापुढे धरली. "ही घे. पुढचं टोक मोठं, मागचं आखूड. शहाणी फळी आहे, आपणहून वळते. तुझं वजन किती?"

"चौसष्ट."

"अडुसष्ट," दारातून किर्स्टी म्हणाली.

"मला ही नको," नोएलीन म्हणाली. "दोन्ही टोकं सारखी हवीत. मऊही नको आणि आडमुठीही नको, मधली दे."

"तसली पोरं घेतात, उलटसुलट उड्या मारायला. तुला कशाला?"

नोएलीनने मघाची, बोटावर तोललेली फळी पुन्हा जवळ ओढली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

डगचा चेहरा उतरला. "नोएलीन, मी नाही देणार तुला. गेल्या हिवाळ्यात, ऑगस्टमध्ये, घळीतून तुला स्लेजवर घालून आणली तेव्हा तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू ओरडत नव्हतीस. ओरडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. मला ते परत नाही करायचं."

"उजवा पाय पुढे नाही घेणार मी. डावा घेणार आहे. म्हणून सारखी टोकं."

उजवा पाय पुढे ठेवून खाली उतरायचं, हे तिचं चौतीस हिवाळ्यांचं वळण. त्याच उजव्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की तो पुढे ठेवून त्याला पीळ बसता कामा नये. डावा पुढे घेऊन जमलं तर बघा, असं ते म्हणाले होते, पण न जमणाऱ्याला म्हणतात तसं.

"या वयात?" डग म्हणाला. "डाव्या हाताने सही करून बघ एकदा."

"करून बघितलंय तिने," किर्स्टी म्हणाली. "मंगळवारी. मागच्या मेंढ्यांच्या कुरणात बर्फ पडला तेव्हा. अकरा वेळा पडली."

नोएलीनने मान वळवली. "तुला कोणी सांगितलं?"

"शेजारच्या बेरिलने. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजलं. फोन करून सांगत होती, आता उठली, आता परत बसली." किर्स्टीचा आवाज बारीक झाला. "मला हसू आलं नाही, आई. मी भांडी तशीच टाकून गाडीत बसले होते. मग बेरिल म्हणाली, घरात गेली."

बाहेरून मेंढ्यांचा एक ट्रक गेला आणि दुकानाच्या काचा थरथरल्या.

नोएलीनने फळी उचलून होती तिथे ठेवली. नीट ठेवली, दुसरीला लागून. मग पिशवीतून कंबरेचा पट्टा काढला. त्याला आखूड दोरीने तिचा अडकित्ता बांधलेला होता. धावत्या दोराला पकडणाऱ्या त्या लोखंडी चिमट्याला आमच्याकडे दुसरं नाव नाही. वापरून वापरून त्याची मूठ गुळगुळीत झाली होती.

"याची पिन झिजलीय," ती म्हणाली. "तेवढी बदलून दे. मिलीला देऊन टाकते."

डगने तो घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. पिन बसवायला त्याला पाच मिनिटं पुरली असती. त्याने दहा लावली.

दुरुस्त केलेला अडकित्ता ज्याचा त्याने दोरावर लावून पाहिल्याशिवाय डग दुकानाबाहेर जाऊ देत नाही. त्यासाठी त्याने मागच्या भिंतीलगत, मोटारीच्या दोन जुन्या चाकांवरून एक दोर ओढून बांधला आहे. हातदांडा फिरवला की दोर पळतो. पहिल्यांदा येणाऱ्या शहरी लोकांना तो त्याच्यावरच शिकवतो.

"मिलीला द्यायचा तर मिलीच लावून बघेल," नोएलीन म्हणाली.

"आज तुझा आहे. चल."

तिने पट्टा कंबरेला आवळला. डगने मघाचीच फळी तिच्या पायांखाली सतरंजीवर सरकवली, कारण हाताशी तीच होती. किर्स्टीने किल्ली खिशात टाकली आणि दांडा धरला. दोर पळू लागला. नोएलीन फळीवर चढली, उजव्या हाताने दोर धरला, डाव्याने अडकित्ता वरून पलटवून मिटला आणि मागे रेलली. दोराने तिला ओढून घेतलं. फळी सतरंजीवरून हातभर पुढे सरकली. तिचे गुडघे आपोआप वाकले, खांदे सैल पडले.

किर्स्टीने दांडा थांबवला.

"धरलंय नीट," नोएलीन म्हणाली. "पिन चांगली बसलीय."

"आई, हलू नकोस. पाय बघ."

नोएलीनने खाली पाहिलं. डावा पाय पुढे होता.

"त्यात काय," डग म्हणाला. "आपला दोर उजव्या हाताला. उजवा पाय पुढे घेतला तर दोराला पाठ होते, मग अडकित्ता लावणार कसा? वर जाताना सगळेच तसे उभे राहतात. तिकडे मोठ्या डोंगरांवर बसून वर जायला खुर्च्या आहेत, त्यांना हे माहीतही नसेल."

"डगकाका, तीन दोर मिळून वर जायला किती वेळ लागतो?"

"वीस मिनिटं."

"आणि हिला खाली यायला?"

"हिला? चार. वारा असला तर पाच."

"म्हणजे डावा पाय पुढे ठेवून ती चार-पाच पट जास्त वेळ उभी राहिलीय," किर्स्टी म्हणाली. नोएलीन अजून दोराला टांगलेलीच होती. चौतीस हिवाळे ती खाली उतरण्याची वाट पाहत वर गेली होती, आणि तेवढ्या सगळ्या वेळात तिने एकदाही आपल्या पायांकडे पाहिलं नव्हतं.

"वर जाणं आणि खाली येणं एक नाही," ती हळूच म्हणाली.

"नाहीच," डग म्हणाला. "पण तोल तोच. दोर उसळतो, खड्डे येतात, मधल्या खांबापाशी झटका बसतो. दोरावरून शेवटची कधी पडलीस?"

तिने आठवून पाहिलं. "किर्स्टी जन्मायच्या आधी."

"मग कुरणात का पडलीस?" डग तिच्याभोवती फिरून आला. "तुझ्या त्या जुन्या फळीवर ना? आखूड शेपूट पुढे करून? आणि पाय अडकवायचे पट्टे त्या बाजूला फिरवून घेतले होतेस?"

नोएलीनने पायांखालच्या फळीकडे पाहिलं.

"नाही."

"एवढी वर्षं पोरांना शिकवतेस, आणि पट्टे न फिरवता उलटी उतरतेस. मीही पडलो असतो अकरा वेळा. बेरिलला मोजायला मजा आली असती."

नोएलीन हसली. मग हसता हसता थांबली, अडकित्ता सोडला आणि फळीवरून उतरून कपड्यांच्या पेटीवर बसली. उजव्या गुडघ्यावर तिने हात ठेवला होता. "मला भीती वाटते, डग," ती म्हणाली. "पण सूपची जास्त वाटते."

डगने फळी उचलून कामाच्या बाकावर ठेवली, पट्टे काढले आणि खिशातून पेचकस घेतला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याने नोएलीनकडे पाहून विचारलं, "पुढे कुठला पाय?"

"डावा," किर्स्टीने सांगितलं.

मग ती दारापाशी गेली. यादीजवळ दोऱ्याला बांधलेली पेन्सिल तिने घेतली, मागच्या रबराने सूपपुढचं नाव खोडलं आणि त्या जागी आपलं लिहिलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी बर्फावर उतरणं तिने लहानपणापासून कधी चुकवलं नव्हतं.

"तुझं सूप कोण पिणार?" पेटीवरून नोएलीन म्हणाली.

"तू," किर्स्टी म्हणाली. "दुपारी. आपल्या पायांनी खाली येऊन."