रांगेच्या पुढे चाललेला कॅमेरा

मला काच नाही, बटण नाही, वजनही नाही. तरी मी कॅमेराच आहे. वृषालीच्या संगणकातला.

परदेशात वास्तुकला शिकून ती सुरतला परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, बमरोलीतल्या आपल्या वस्तीला नवं काही पटवायचं म्हणजे भांडावं लागेल. झालं उलटंच. समाजमंदिराचा तिचा आराखडा पाहून कुणी एक प्रश्नही विचारला नाही. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

माझा जन्म सहा डिसेंबरच्या संध्याकाळचा. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, हातात पेटत्या मेणबत्त्या. रांग पुतळ्याकडे निघाली होती. सगळ्यांच्या पुढे वृषाली, छातीशी मोबाइल धरून, समोरचं टिपत. तिच्या चालण्यातला प्रत्येक हेलकावा संगणकाने माझ्यात उतरवला.

मग माझी वाट हीच इमारत झाली. मी झपझप गेलो तिथे दालन रुंद, रेंगाळलो तिथे अरुंद. मान वर केली तिथे छत उंच. आपल्या लोकांचं चालणंच इथे भिंत होईल, असं ती ज्याला त्याला सांगायची.

तिचा चुलतभाऊ राकेश ठेकेदार. तो खूश होता. "दीदी, असलं तर वेसूच्या बड्या बिल्डरांकडेपण नाही. उद्या सकाळी पाया खणायला जेसीबी लावतो."

त्या संध्याकाळी तिची आई, प्रभावती, कारखान्यातून आली. पडद्याकडे पाहत म्हणाली, "छान दिसतंय. पण यात एकही माणूस का नाही गं?"

वृषाली हसली. तिने दालनात पांढऱ्या आकृत्या भरल्या, हातांत मेणबत्त्या दिल्या आणि त्यांना माझ्या मागून चालवलं.

आराखड्यातल्या पुतळ्यापाशी मी नेहमीसारखा मंदावलो. भिंती जवळ आल्या. मागची रांग मात्र थांबेना. खांद्याला खांदे भिडले, मग एक आकृती दुसरीत रुतली. ज्योती पुढच्यांच्या पाठींना टेकल्या. संगणकात कुणी ओरडत नाही. मी तसाच पुढे सरकलो. मला अंगच नाही, मला कशाची अडचण?

वृषालीचं हसू गेलं. "आई, या रांगेत तू कुठे असतेस?"

"मी मागंच असते. म्हाताऱ्यांना धरून."

सकाळी राकेशचा फोन आला. यंत्र उभं होतं, मंडळी वंदनेला जमली होती.

"यंत्र परत पाठव," वृषाली म्हणाली.

"अगं, लोकांना काय सांगू?"

"मी येऊन सांगते. सगळ्यांसमोर. ही वाट मी एकटीनंच चालून आखली, हेच सांगायचंय."

निघण्याआधी तिने मला पुसून टाकलं. आता मी टाकून दिलेल्या फाइलींमध्ये पडून आहे, अजून समोरच बघतोय. मला तेवढंच येतं. कधी कुणी मला पुन्हा बाहेर काढलंत, तर माझ्यामागे भिंती उभ्या करण्याआधी एकदा वळून बघा.