बदली गडी

अंजूरच्या पलीकडे, गोदामांच्या मागे असलेल्या त्या गावाने दारूबंदी केली ती मोठ्या अकलेने. हळदीत कोणी पिताना सापडला की आधी त्याला दांड्याने झोडायचं, मग दारूबंदीच्या दलात भरती करायचं. सुटकेची वाट एकच, आपल्या जागी दुसरा पिणारा पकडून द्यायचा. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

केदार एका बिअरपायी दलात अडकला होता. पाठीवरचे वळ अजून ठणकत होते, आणि भिवंडीच्या गोदामातल्या सुपरवायझरने सांगून टाकलं होतं, उद्या शिफ्टला आला नाहीस तर येऊच नकोस. आज काही करून कोणाला तरी धरायचंच होतं. आणि ड्युटी लागली ती नेमकी स्वतःच्या घरी, बहिणीच्या, अदितीच्या हळदीला.

दुपारी मांडवामागच्या ताडपत्रीआडून त्याला दारूचा वास आला. फटीतून बाटलीचं तोंड दिसलं. चुलतभाऊच असणार, तो जन्माचा पिणारा! केदारने दातओठ खाऊन दांडा हाणला. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. त्याने ताडपत्री ओढली.

आई होती. कमळाबाई मनगट छातीशी धरून खाली बसली होती. समोर पानावर मटणाचा तुकडा, शेजारी भरलेला पेला. हळद लावायच्या आधी घरातल्या मेलेल्या माणसाचा वाटा काढून ठेवतात, हे केदार शिकार शोधण्याच्या नादात पार विसरला होता.

"तुझ्या बापासाठी रं," ती कण्हली. "मी न्हाय प्यायले."

दलाचा म्होरक्या हितेश धावत आला. त्याने पेला हुंगला. "नियम म्हंजे नियम. बाई सापडली तर तिच्या घरातला पुरुष भरती. केदार, तू सुटलास." मग तो फिदीफिदी हसला. "आणि परत तूच भरती!"

केदारला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. त्याने पेला उचलला, बापाचा वाटा घटाघटा प्यायला आणि रिकामा पेला हितेशच्या तोंडावर मारला. हितेशचं नाक फुटलं.

दलातले बाकीचे चौघे त्याचे लहानपणचे सोबती. ते क्षणभर थांबले. मग प्रत्येकाच्या डोक्यात एकच गोष्ट आली. पिताना धरला की सुटका! चौघेही तुटून पडले. दांडे मांडीवर, डोक्यात, तोंडावर. केदार पडला तरी थांबेनात.

"मी धरला!"

"हट, पयला मी!"

आई त्याच्यावर आडवी पडली, तेव्हा तिच्या दुसऱ्या हातावरही दांडा बसला. वर कोणीतरी मारता मारता रडत होता, "मी धरला, हितेशदादा, मला सोड."