जास्तीची घागर

“अगं पंचशीला, घागर रिकामीच?”

पोरगी थांबली नाही. बालवाडी चालवणाऱ्या धुरपताबाई पायरीवरून उतरून तिला आडव्या झाल्या. गावातले आड आटले होते. नरसिंग सरांच्या घरामागच्या आडाला तेवढं पाणी होतं. तिथून रिकामी घागर घेऊन कोण येतं?

“तहान न्हाई मला.”

“घराला हाय की! मायला काय सांगशील?”

ती अंगठ्याने माती उकरत राहिली.

सर खो-खो शिकवायचे. लातूर नवा जिल्हा झालेला, त्याचा पहिला संघ निवडायचा होता, आणि आपल्या पोरी त्यात दिसाव्यात अशी गावाची हौस. दुष्काळ पडला तशी गावच्या क्रीडा मंडळानेच पद्धत पाडली : सराव संपला की प्रत्येकीला सरांच्या आडावरून एक घागर, आणि सगळ्यांत चांगली खेळेल तिला सगळ्यांच्या मागून आणखी एक. ती जास्तीची घागर हल्ली पंचशीलाच जिंकायची.

“बाकीच्या गेल्या की सर घरात बोलवतेत,” ती पुटपुटली. “पाय मुरगळला का बघू म्हणतेत. माझा पाय मुरगळला न्हाई, मावशी.”

धुरपताबाईंनी पुढचं विचारलं नाही. तिचा हात धरला. “तुझं काई चुकलं न्हाई बाळा. आता तू एकटी जायाची न्हाईस.”

संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तन होतं. कीर्तन म्हटलं की धुरपताबाई हातातली भाकरी टाकून यायच्या. बुवांनी नाम उचललं, सरांची मृदंगावर थाप पडली, आणि बाईंच्या हातातले टाळ जुळेनात. ह्याच थापेवर त्या वर्षानुवर्षं डोळे मिटून डोलल्या होत्या. बुवा सांगत होते, वासरू हंबरलं की गाय दावं तोडून धावते, तसा देव. धुरपताबाईंना बसवेना. ऐन रंगात आलेल्या कीर्तनातून त्या आयुष्यात पहिल्यांदा उठल्या आणि थेट पंचशीलाच्या घरी गेल्या.

तिची आई नागुबाई ऐकूनच घेईनात.

“जळतेत लोकं, मावशी. त्या आळीच्या आडात आमच्या सात पिढ्यांत कुनी पोहरा सोडला न्हवता. माझ्या लेकीनं सोडला! सर देवमानूस हाय.”

“पोरीचा पाय मुरगळलाय का, नागुबाई?”

“न्हाई बा. का?”

“सर रोज बघतेत.”

नागुबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. जाळ विझला तरी त्या तिथंच बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर धुरपताबाई आणि नागुबाई पोरींबरोबर आडावर जाऊन बसल्या.

सर हसले. “काय मावशी, खो-खो खेळनार का आता?”

“न्हाई. पोरींसंगं बसनार. शेवटची घागर भरस्तोर. रोज.”

“माझ्यावर इश्वास न्हाई?”

“न्हाई,” नागुबाई म्हणाल्या.

सरांचं हसू गेलं. “मंग आड बंद! लातूरला कोन नेतंय तेबी बघतो.”

“एस.टी. नेती की,” धुरपताबाई म्हणाल्या.

पाणी तुटलं तशा गावातल्या बायका धुरपताबाईंशी भांडायला आल्या. “हिच्या टाळ कुटन्यानं आमची लेकरं तहानली!” मंडळाचे अध्यक्ष महादेवप्पा समजावू लागले, “बाई, गप ऱ्हावा. पोरीची अब्रू जाईल.”

“अब्रू करनाऱ्याची जाती, महादेवप्पा. तुमची नात बी खेळती. तिला धाडा की उद्या, एकटी, सगळ्यांच्या मागून.”

महादेवप्पा पटका सारखा करीत बसले. मग ते उठले, सरांच्या घरी गेले आणि मंडळाची सरावाची शिट्टी मागून घेऊन आले.

सकाळी मैदानावर पंचशीला खांबाला वळसा घालून सुसाट पळत होती. कडेला महादेवप्पांची सून गौरम्मा लेकरू मांडीवर घेऊन राखणीला बसली होती. धुरपताबाई आणि नागुबाई घागरी घेऊन निघाल्या. कोरड्या नदीत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचं होतं. वाट सरांच्या दारावरून. दार बंद होतं, पण मागं आडावरचा रहाट कुरकुरला, आणि पोहरा पाण्यात आपटल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

नागुबाईंचं पाऊल अडलं.

त्यांनी रिकामी घागर या काखेतून त्या काखेत घेतली.

“चला मावशी,” त्या म्हणाल्या, “ऊन व्हतंय.”