दहावी खाच

“अ‍ॅसिड आहे ते, पाणी नाही,” बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले आणि यूसराच्या नावापुढे त्यांनी ‘सूट’ लिहूनही टाकलं. “प्रयोग न करताच मार्क मिळतील तुला. बस तिकडे.”

यूसराला जन्मापासून दिसत नाही. पण ती काही बसली नाही. “मार्क नाही पायजे सर. मले प्रयोग करू द्या.”

कोपऱ्यात बाटल्या पुसणाऱ्या संघपालनं हातातली बाटली खाली ठेवली. मंगरूळपीरच्या या कॉलेजात सव्वीस वर्षं तो परीक्षानळ्या धुतोय. त्याला कुणी कधी काही विचारलं नाही. पडला शिपाई, विचारायचं काय? पण ही उठाठेव त्याचीच. दुपारी भाकर-कांदा खाऊन कॉस्टिक सोड्याचं पाणी हाताला लागलं की बोटांचा वास जातो, अ‍ॅसिडचं लागलं की परत येतो, हे त्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक. महिनाभर यूसराला त्यानं तेच शिकवलं होतं. आज फसलं, तर तिच्यामागून येणाऱ्या अशा प्रत्येक लेकराच्या नावापुढे ‘सूट’च लागणार होतं.

तो पुढे झाला. “सायेब, एक डाव पाहा तं खरं. तुमी रंगानं करा, थे वासानं करते.”

साहेब नाखुशीनं उठले. त्यांच्या फ्लास्कात गुलाबी रंग घातलेलं कॉस्टिक, यूसराच्या फ्लास्कात तेवढंच, पण रात्रभर कांदा भिजवलेलं. पुरेसं अ‍ॅसिड पडलं की इकडे रंग जाणार, तिकडे वास येणार. संघपालनं ब्लेडनं दर मिलीला एक खाच पाडलेली सिरिंज तिनं उचलली. एकेका खाचेएवढं अ‍ॅसिड सोडायची, हलवायची, हुंगायची. सात झाल्या, आठ, नऊ. वास नाही. पोरी, घाई नको करू, संघपाल मनात घोकत राहिला.

दहाव्या खाचेला ती थांबली. “आला चाचा. कांदा आला.”

साहेबांचा गुलाबी रंग गेला तो दहा पूर्णांक एक मिलीला. त्यांनी पुन्हा पाहिलं, वाकून तिचा फ्लास्क हुंगला आणि त्या नादात कोपर लागून स्वतःचा खाली पाडला. दिवसभरात फुटलेली काच तेवढीच. मग त्यांनी ‘सूट’ खोडलं.

संघपालला इतकं हायसं वाटलं की तो जवळच्या स्टुलावर चक्क बसला.

“चाचा, सरांचा रंग गेल्यावर काय दिसते?” यूसरानं विचारलं.

“काईच नाई. पाण्यावानी.”

“मंग आपलंच बरं. आपल्याले कांदा तरी भेटते.”

साहेब हसले. पेन उघडंच होतं. “कांदा किती वेळ भिजवता? आणि तुमचं नाव काय?”

संघपाल गडबडीनं उठायला लागला.

“बसा हो,” साहेब म्हणाले. “बसूनच सांगा.”