दानम्माचे तीन तुकडे

कल्लमनाळच्या सरकारी शाळेत टॅब आले, तेव्हा हेडमास्तर यलिगार सरांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सगळे टॅब कपाटात घालून किल्ली खिशात टाकली. काच फुटली तर जबाब त्यांना द्यावा लागणार होता. पण टॅब देणाऱ्या कंपनीला दर आठवड्याला पोरांच्या बरोबर उत्तरांचा आलेख हवा असे, आणि पोरांनी बोट लावल्याशिवाय आलेख काही हलेना. मग कपाट उघडलं. आलेख चढू लागला, आणि त्यात सर्वांत उंच रेघ निघाली सहावीतल्या दानम्माची.

गणित शिकवणाऱ्या कस्तूरी गाणिगेर बाई ती रेघ बघून बुचकळ्यात पडल्या. पोरं त्यांना अक्कोरू म्हणत. दानम्माची वही त्याच तपासत होत्या. वहीत तिच्या मते एक तृतीयांश अर्ध्याहून मोठा होता, कारण दोनापेक्षा तीन मोठे. टॅबवर मात्र तिचं एकही उत्तर चुकत नव्हतं. एका दुपारी बाई तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या. पोरगी प्रश्नाकडे ढुंकून बघत नव्हती. तिची नजर खालच्या, उत्तरांच्या चार चौकोनांवर होती.

"दानू, प्रश्न नाही वाचत?"

"वाचण्यात वेळ जातो, अक्कोरे. बरोबरचा चौकोन आधी उजळतो. हे बघा."

कोंबडी कुठे अंडं घालते ते दाखवावं तितक्या मोकळेपणाने तिने दाखवलं. बाईंना तिसऱ्या खेपेला दिसलं. पापणी लवेल न लवेल एवढ्या वेळात एक चौकोन बाकीच्यांच्या आधी उमटत होता. ही लबाडी आहे असं दानम्माला वाटतच नव्हतं. तिच्या समजुतीने हाच धडा होता, आणि बाकीची पोरं जरा मंद होती.

बाई तडक हेडमास्तरांकडे गेल्या. यलिगार सरांनी सगळं ऐकलं, उठून दार लोटलं आणि आधी एवढंच विचारलं, की हे आणखी कुणाला सांगितलंय का. नाही म्हटल्यावर ते सैलावले. त्यांनी बाईंना सगळी मांडणी करून दाखवली. कंपनी खूश होती. ग्रामपंचायतीचे अध्यक्ष गुरुपादप्पा शाळेत भरणाऱ्या गणित मेळाव्याचा मांडव स्वतःच्या खर्चाने घालत होते, कारण निवडणूक तोंडावर आलेली. सर स्वतः मार्चमध्ये निवृत्त होणार होते, आणि नोकरीभर न मिळालेली शाल त्याच मांडवात त्यांच्या खांद्यावर पडणार होती. मेळाव्यात दानम्मा मोठ्या पडद्यावर, शिक्षणाधिकाऱ्यांसमोर गणितं सोडवणार, हे ठरूनही गेलं होतं.

"ह्यात तोटा कुणाचा, ते सांगा," सर म्हणाले.

"दानम्माचा."

"तिला तर टाळ्या मिळणार. बाई, सगळं गाव बेरीज करतंय, तुम्ही एकट्या वजाबाकी घेऊन बसू नका."

बाईंच्या हाती उरले मेळाव्यापर्यंतचे मोजके दिवस. तेवढ्यात पोरीला निदान अपूर्णांक तरी कळावेत, म्हणजे पडद्यावर काही बिनसलं तर ती सगळ्यांपुढे उघडी पडणार नाही. त्यांनी रंगीत पट्ट्या कापल्या, चिंचोके मांडले. दानम्मा मान डोलवायची आणि बाईंच्या तोंडाकडे बघत उत्तर द्यायची. शेवटी बाईंनी आपल्या डब्यातली जोंधळ्याची भाकरी तिच्या पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, तीन सारखे तुकडे कर.

दानम्माने एक मोठा केला, एक मधला आणि एक लहान.

"हे सारखे आहेत?"

"मोठा अप्पाचा, मधला अण्णाचा. हा अव्वाचा आणि माझा."

"सारखे म्हणजे सगळे एवढेच, गं. एकावर एक ठेवले तर तंतोतंत बसले पाहिजेत."

दानम्माने तुकडे एकावर एक ठेवून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "पण मग अप्पाला कमी पडेल ना, अक्कोरे?"

बाईंच्या घरीही भाकरी तशीच मोडत, आधी बापाला, मग भावाला, उरलेली आईला आणि लेकीला.

मेळाव्याच्या सकाळी कंपनीने टॅबमध्ये सुधारणा केली, आणि ती करताना चौकोनांचा तो दोष कुणाच्या ध्यानीमनी नसताना निघून गेला. पडद्यावर पहिला प्रश्न आला. चारही चौकोन एकदम उजळले. दानम्माचं बोट हवेत तसंच राहिलं. दुसरा प्रश्न आला, तिसरा आला. मांडवात कुजबुज सुरू झाली, यलिगार सरांच्या खांद्यावरची नवी शाल घसरू लागली.

शिक्षणाधिकारी मनाने चांगले. पोर घाबरली, असं समजून त्यांनी टॅब बाजूला सारायला लावला आणि पाहुण्यांच्या ताटातली एक होळिगे, पुरणाची पोळी, तिच्या हातात दिली. "ही आम्हा तिघांत सारखी वाटून दे बघू, बाळ."

कस्तूरीबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. दानम्माने व्यासपीठावर एकदा नजर फिरवली आणि होळिगे मोडली. मोठा तुकडा अध्यक्षांना, मधला साहेबांना, लहान हेडमास्तरांना.

मग गुरुपादप्पा पोट धरून हसले. म्हणाले, पोरीला हिशेब कळतो. साहेबही हसले, याला म्हणतात व्यवहारातलं गणित, म्हणाले, आणि तिचं नाव तालुक्याच्या मेळाव्यासाठी तिथल्या तिथे जाहीर केलं. टाळ्या कडाडल्या. तुकडे सारखे नव्हते, हे बाई सांगणार तोवर अध्यक्षांनी आपला तुकडा तोंडात टाकलाही होता. बाई खाली बसल्या.

गर्दी पांगल्यावर दानम्मा त्यांच्याजवळ आली. "अक्कोरे, आज उजळलंच नाही."

"ठाऊक आहे मला."

"तुकडे सारखे नव्हते, मला माहीत होतं. एकावर एक बसले नसते. पण सारखे केले असते तर अध्यक्ष रागावले असते ना?"

पलीकडे यलिगार सर लोकांना शालीचा पोत दाखवत होते.

"मग तालुक्याला सगळ्यात मोठं कोण असतं?" दानम्माने विचारलं, आणि उत्तर कुठे आधी उजळतंय ते बघत त्यांच्या चेहऱ्यावर नजर लावून उभी राहिली.