दहाव्यापर्यंतचा बल्ब

माणूस गेला त्या जागी दहाव्यापर्यंत दिवा विझता कामा नये, नाहीतर गेलेला अंधारात चाचपडत बसतो. कोपरीतल्या त्या घरात हे सगळ्यांनाच मान्य होतं. पण पंख्याच्या वाऱ्यात समई टिकेना, म्हणून गंगुबाईंनी नवऱ्याच्या, त्र्यंबकच्या, खाटेवरचा बल्बच पेटता ठेवला आणि बजावलं, मेन स्विचला कोणी हात लावायचा नाही. श्रद्धेलाही पंखा लागतो, त्याला कोण काय करणार.

तिसऱ्या दिवशी बल्ब बोलू लागला. गंगुबाई भिंतीवरच्या बोर्डाला हात टेकून विचारायच्या, "जेवलात का?" बल्ब लपकन मिटायचा, पुन्हा पेटायचा. म्हणजे हो. सून कल्पिताला आधी हसू आलं, मग येईनासं झालं. सासरे जिवंतपणी एवढं बोललेले तिला आठवत नव्हतं.

आठव्या दिवशी तिन्हीसांजेला ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर सासूबाई त्या खाटेवर सान्वीची गोधडी अंथरत होत्या. सान्वी, कल्पिताची चार वर्षांची पोर, उशी कवटाळून बसली होती.

"आई, हिला इथे कशाला?"

"त्यांनीच मागितली गो. इचारलं, नातीला जवळ निजवू का? लगेच हो म्हनले."

कल्पिताने पोरीला उचललं. तोल सावरताना हात भिंतीला लागला. भिंत तापाने फणफणलेल्या कपाळासारखी गरम होती. बोर्डाच्या फटीत काहीतरी चुरचुरत होतं आणि करपल्याचा वास येत होता.

तो बोर्ड सासऱ्यांनीच बसवलेला. वायरींना पीळ द्यायचा, वर टेप गुंडाळायची, झालं काम. कनेक्टर म्हणजे त्यांच्या लेखी नसते लाड.

"मी मेन बंद करते."

"दोन दिस थांब. त्यांना आंधारात सोडशील?"

कल्पिता घाबरली होती, खोटं कशाला सांगा. तरी तिने खटका खाली ओढला.

गल्लीतला वायरमन संदेश टॉर्च घेऊन आला. बोर्ड उघडला तर आतला सांधा काळाठिक्कर, टेप वितळलेली.

"पंखा, फ्रिज, सगळं या सैल पिळावर चाललेलं, तेपण आठ दिवस अखंड. वहिनी, आज खाट पेटली असती."

त्याने जळकी तार कापली आणि नवी टोकं कनेक्टरमध्ये स्क्रूने घट्ट आवळली. मेन चढवला. बल्ब लागला.

गंगुबाईंनी बोर्डाला हात टेकला. "अहो, हाय ना इथं?"

बल्ब हलला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग नुसतंच म्हणाल्या, "अहो."

उजेड तसाच राहिला. गंगुबाई जमिनीवर बसल्या आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच रडल्या.